नाताळची बोट आणि गटाची पेटी

आंब्याला मोहोर दिसायला लागला का तुमच्याकडे? आमच्याकडे खालच्या वाडीत दिसतोय, वरच्या वाडीत अजून पालवीच आहे.

आज मी तुम्हाला आमच्या एका गटाच्या बैठकीची गोष्ट सांगणार आहे. ज्यांची गोष्ट आहे त्या काकींनी परवानगी दिली आहे. म्हणाल्या, "गोष्ट सांग, नाव नको सांगू. नाहीतर सगळ्या मलाच विचारायला येतील, बोटीवर जेवायला काय देतात म्हणून."

तर काकी एकसष्ट वर्षांच्या. गटात पहिल्या दिवसापासून आहेत. कोकमाचं आगळ, आमसुलं, कुळथाचं पीठ असं करून विकतात. मुलगा मुंबईला नोकरीला. यंदा दिवाळीत तो आला आणि म्हणाला, "आई, नाताळच्या सुट्टीत आम्ही क्रूझवर जातोय, मुंबईहून गोव्याला. तू पण चल."

आता आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला नाताळची सुट्टी एका दिवसाची, 25 डिसेंबर. पण मुंबईत काकींची नात ज्या शाळेत जाते तिथे चांगली आठ-दहा दिवस सुट्टी असते. मुलाच्या कंपनीतही त्याच दिवसांत रजा मिळते. म्हणजे जायचं तर तेव्हाच. आणि हे सगळ्या मुंबईला माहीत असल्यामुळे त्याच आठवड्यात तिकीट सगळ्यात महाग. तीच बोट, तीच खोली, तेच जेवण जानेवारीच्या मध्याला स्वस्त मिळतं. आपण मे महिन्याच्या गाड्यांना आणि गणपतीच्या गाड्यांना बघतो ना, तसंच.

काकींनी मुलाला सांगितलं, "माझे पैसे मी देईन." हा त्यांचा स्वभाव. आणि नोव्हेंबरच्या बैठकीत त्यांनी कर्ज मागितलं. रक्कम 36,000 रुपये. कारण विचारल्यावर सरळ म्हणाल्या, "बोटीने फिरायला."

बैठकीत आधी हसू झालं. मग एकदम शांतता. मग एक वहिनी बोलल्या, "फिरायला कर्ज? गटाचे पैसे काय मौजेला आहेत का?"

खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. मी तर समन्वयक, मला पंचसूत्री पाठ. कर्ज कशाला द्यायचं, तर आजारपण, शिक्षण, शेती, धंदा. सहलीचा त्यात पत्ता नाही. मी तोंड उघडणार इतक्यात काकीच म्हणाल्या, "मागच्या वर्षी गणपतीला मी वीस हजार उचलले. मखर, दिवे, पाहुण्यांचं जेवण. तेव्हा कुणी विचारलं का? हिने मुलाच्या लग्नात बँडसाठी उचलले, तिला विचारलं का?"

कुणी उत्तर दिलं नाही. मी पण नाही. आमच्याच नोंदवहीत त्या दोन्ही कर्जांसमोर माझ्या अक्षरात 'घरखर्च' लिहिलेलं होतं. बाईने देवासाठी, लग्नासाठी, नवऱ्याच्या कामासाठी कर्ज काढलं तर ते घरखर्च. स्वतःसाठी काढलं की मौज. हे मी आजवर कधी मनात आणलं नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगते.

पण मैत्रिणींनो, प्रश्न तेवढाच नव्हता. पेटीत किती आहे हाही प्रश्न होताच. आम्ही बारा जणी, महिना 200 रुपये बचत. त्या दिवशी वाटायला शिल्लक होते 58,000. काकींना 36,000 दिले तर उरतात 22,000. आणि त्याच बैठकीत दोन मागण्या अजून होत्या. एकीला मोहोरावरच्या फवारणीसाठी 15,000. दुसरीला मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी 12,000. दोन्ही मिळून 27,000. म्हणजे काकी बोटीवर गेल्या तर या दोघींपैकी एकीला थांबावं लागणार. फवारणी थांबत नाही. तुडतुडे तारीख बघून येत नाहीत. फीचंही तसंच.

कुणी म्हणालं, बँकेच्या कर्जातून द्या. तिथे मात्र मी ठाम नाही म्हटलं. बँकेचं कर्ज आपण धंद्यासाठी घेतो, तसं लिहून देतो. त्यातला पैसा सहलीला फिरवायचा नाही. द्यायचंच तर आपल्या स्वतःच्या बचतीतून द्यायचं.

मग मी म्हटलं, काकी, तो बोटीचा कागद तरी दाखवा. मुलाने मोबाइलवर पाठवला होता. एका मुलीने मोठ्याने वाचला आणि आम्ही अकरा जणी ऐकत बसलो. त्या वाचनातच अर्धा प्रश्न सुटला.

कागदावर मोठ्या अक्षरात जी रक्कम होती ती 'माणशी' होती, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'एका खोलीत दोघे धरून'. काकींच्या मुलाने दोन खोल्या धरल्या होत्या. एक स्वतःला, बायकोला आणि मुलीला. दुसरी काकींना एकटीला, आईला त्रास नको म्हणून. पण बोटीवर एकट्या माणसाने खोली घेतली तर त्याला जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. वर बंदराचा आकार, जीएसटी आणि नोकरांची बक्षिशी. बक्षिशी आपल्या मनावर नसते हो, दर दिवसाला दर माणशी लावलेलीच असते. असं करत काकींचा एकटीचा आकडा 46,000 वर गेला होता. त्यातले दहा हजार त्यांच्याकडे आगळाचे होते, म्हणून कर्ज 36,000.

आणि त्याच कागदावर खाली लिहिलेलं, एका खोलीत तिसरा आणि चौथा माणूस असेल तर त्यांना कमी दर. चार जण एका खोलीत झोपले तर काकींच्या वाट्याला सगळं धरून 19,000 येत होते.

"मग मुलाला फोन करा," सगळ्या म्हणाल्या.

इथे काकी गप्प झाल्या. मला वाटलं मुलाला कमी पैशाचं सांगायला लाज वाटते. तसं नव्हतं. नंतर विहिरीवर मला म्हणाल्या, "सुनेला चालेल का ग? तीन दिवस सासू एकाच खोलीत?" मी म्हटलं, मुलाला नका विचारू, सुनेलाच फोन करा. त्यांनी केला. सून म्हणाली, "आई, मी तर आधीच म्हणत होते, वेगळी खोली कशाला. हेच म्हणाले तुम्हाला मोकळेपणा हवा." आता ती खरं बोलली की सासूचं मन राखलं ते तिचं तिला ठाऊक. खोली एक झाली हे खरं.

आता घरात दुसरा खोळंबा. काकींच्या सासूबाई, वय पंच्याऐंशीच्या पुढे. त्यांनी बोट हा शब्द ऐकला आणि म्हणाल्या, "रामदास बुडाली ती विसरलात?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. 'रामदास' ही बोट 17 जुलै 1947 ला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती. गटारी अमावास्या होती, भर पावसाळा. वाटेत उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आपल्या किनाऱ्यावरच्या किती घरांत त्या बोटीची आठवण अजून निघते. आजींना मी समजावलं की पावसाळ्यात आपल्या बोटी बंदच असायच्या, डिसेंबरचा समुद्र वेगळा. या मोठ्या जहाजावर निघायच्या वेळी सगळ्यांना जमवून लाइफ जॅकेट कसं घालायचं, कुठे जमायचं ते दाखवतात. आजी म्हणाल्या, "तेव्हा तिने लक्ष दे म्हणावं, गप्पा मारत बसू नको." एवढी परवानगी पुरे.

आणि काकींना बोटीचं एवढं का, तेही सांगते. त्या सहा-सात वर्षांच्या असताना आईबरोबर हर्णैहून बोटीने मुंबईला गेल्या होत्या. तेव्हा आपल्याकडे कोकण रेल्वे नव्हती, ती पूर्ण सुरू झाली 1998 ला, आणि तीही आपल्या दापोलीत येत नाही, खेडला जावं लागतं. तेव्हा मुंबईची बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची. हर्णैला धक्का नाही, बोट लांब उभी. आधी माणसाच्या खांद्यावरून पडावात, मग पडावातून बोटीत. काकी म्हणतात, "मला इतकी बोट लागली की मुंबई येईपर्यंत मी आईच्या पदरात तोंड घालून. समुद्र बघितलाच नाही. तो बघायचाय."

हे ऐकल्यावर बैठकीत ज्या वहिनी मौज म्हणाल्या होत्या, त्याच म्हणाल्या, "काकी, ओव्याची पुरचुंडी न्या." पण कर्जाला हात वर करायला त्यांनी अजून वेळ घेतला. त्यांचं म्हणणं, आज एक बोटीने जाईल, उद्या दुसरी विमानाचं मागेल. म्हणणं अगदीच चुकीचं नाही. म्हणून आम्ही ठरवून घेतलं आणि इतिवृत्तात लिहिलं की आधी आजारपण, फी आणि हंगामाचं कर्ज, ते वाटून जे उरेल त्यातूनच असलं कर्ज. आणि मागणाऱ्या बाईने निम्म्याच्या जवळपास पैसे स्वतःचे घालायचे.

आता काकींचा हिशोब बघा. बोटीचे 19,000. वरखर्च 3,000. हा वरखर्च कसला ते सांगते, कारण जहाजावर जेवण तिकिटात असतं म्हणून आपण निवांत होतो. पण थंड पेय, इंटरनेट, खेळ, फोटो यांचे पैसे वेगळे पडतात. जहाज गोव्यात मुरगाव बंदराला लागतं. तिथून पणजी सुमारे 30 किलोमीटर, म्हणजे बसचे किंवा टॅक्सीचे पैसे आले. नाताळात गोव्यात गर्दी किती असते ते काय सांगायला हवं! जहाजावर परतायची वेळ ठरलेली असते, ती चुकली तर जहाज थांबत नाही. मुंबईपर्यंत एसटीला आपल्याला 2023 पासून निम्मं तिकीट, तो खर्च फार नाही.

एकूण 22,000. स्वतःचे 10,000. कर्ज 12,000, शेकडा एक रुपया महिना व्याजाने, दहा हप्ते. पहिला हप्ता 1,320, पुढे दर महिन्याला व्याज 12 रुपयांनी कमी. सगळं मिळून व्याज 660 रुपये. 36,000 घेतले असते तर महिन्याला 3,600 नुसती मुद्दल. काकींचं आगळ तेवढं देत नाही. पेटीत 46,000 उरले आणि फवारणीवालीला, फीवालीला दोघींनाही पैसे मिळाले.

पैसे भरण्याआधी मी एक गोष्ट विचारायला लावली. आजी त्या वयाच्या, ऐन वेळी काही झालं आणि जाता आलं नाही तर किती पैसे परत? उत्तर आलं की निघायची तारीख जितकी जवळ तितकं कमी, आणि शेवटच्या दिवसांत काहीच नाही. काकी रात्रभर विचार करत बसल्या. सकाळी म्हणाल्या, "बुडाले तर माझे दहा हजार बुडाले आणि गटाचे मी फेडीन. भर पैसे." आजींजवळ तीन दिवस राहायला माझी जाऊ जाणार आहे, तेही तेव्हाच ठरवलं.

काकींना रक्तदाबाची गोळी आहे. जहाजावर चढताना मोठ्या बॅगा आधीच घेतात आणि त्या उशिरा खोलीत येतात. म्हणून गोळ्या, चष्मा, आधार कार्ड सगळं हातातल्या पिशवीत. बोट लागू नये म्हणून कुठली गोळी घ्यायची ते आपल्या मनाने नाही, आरोग्य केंद्रात डॉक्टरांना रक्तदाबाच्या गोळीची चिठ्ठी दाखवून विचारलं. आणि समुद्रात गेल्यावर मोबाइल बंद ठेवायचा किंवा विमानातला मोड लावायचा. जहाजाचं स्वतःचं नेटवर्क लागलं तर बिल भरमसाट येतं. आजींना तसं सांगून ठेवलंय की फोन लागला नाही तर घाबरायचं नाही.

काल मी त्यांच्याकडे गेले होते. बॅग भरून तयार. त्यात ओवा, लिंबू, सुनेसाठी आगळाची बाटली, नातीसाठी तांदळाचे लाडू. मी म्हटलं, काकी, जहाजावर बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत बहुतेक. म्हणाल्या, "मग मुंबईला पोचल्यावर आधी खायला घालीन." मग मला विचारलं, "रात्री जहाज हर्णैवरून जाईल ना? दीपगृह दिसेल का ग?" मला नाही सांगता आलं. जहाज किनाऱ्यापासून बरंच लांबून जातं. मी म्हटलं, तुम्हीच बघून सांगा.

जानेवारीची बैठक 10 तारखेला आहे. काकींचा पहिला हप्ताही त्याच दिवशी आहे. पैसे त्यांनी वेगळ्या डब्यात काढून ठेवले आहेत, मला डबा उघडून दाखवला.