तुझा सा कुठला?

श्रोतेहो, मी गाणारा नव्हे. कविता लिहितो. बी.ए.ला असताना शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत मागच्या रांगेत बसून डुलक्याही काढल्या आहेत. तेव्हा संगीताविषयी बोलायचा माझा अधिकार किती, ते तुम्हीच ठरवा. पण आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाने गेल्या वर्षी पाहुण्या गायिकेची ओळख करून द्यायला मला बोलावलं. पहिल्या दिवशी कार्यशाळा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैफल, असा बेत होता. माझं काम मैफलीपुरतंच होतं, पण मी आदल्या दिवशीच जाऊन बसलो, ते बरं झालं.

संगीत विभागात मुलं अकरा. त्यांत मुली सात. बाई पुण्याहून आल्या, साठीच्या पुढच्या. वर्गात इलेक्ट्रॉनिक तंबोरा वाजत होता. त्यांनी तो बंद करायला सांगितला आणि विचारलं, "खरा तंबोरा आहे का?" होता. कपाटावर, खोळीत. मिरजेचा, चांगल्या भोपळ्याचा. पण एक तार तुटलेली, बाकीच्या गंजलेल्या. बाईंनी पिशवीतून तारा काढल्या आणि मुलांनाच बसवायला लावल्या. खुंट्या पिळून झाल्या, मणी सरकवून झाले, तरी आवाज बोदाच येत होता. घोडीवर तारेखाली दोरा हवा, म्हणजे जवारी खुलते. एका मुलीच्या दप्तरात रीळ निघालं. तिच्या वडिलांचं टेलरिंगचं दुकान आहे. दोरा थोडा पुढे, थोडा मागे असं करता करता एका क्षणी तार अशी काही बोलू लागली की सगळे गप्प झाले.

तोवर दीड तास गेला होता. प्राचार्य दारातून डोकावले. "बाई, कार्यशाळा कधी सुरू करायची?"

"झाली की सुरू," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी एकेकाला समोर बसवून एकच प्रश्न विचारला, "तुझा सा कुठला?" उत्तर सगळ्यांचं एकच आलं, पांढरी एक. वर्गातल्या पेटीवर तोच धरलेला, मुलांना आणि मुलींनाही. रीळवाल्या मुलीला बाईंनी गायला लावलं. मंद्रातल्या पंचमाकडे जाता जाता तिचा आवाज विरून गेला. बाईंनी स्वर हळूहळू चढवत नेला आणि पांढरी पाचवर थांबल्या. "आता गा." श्रोतेहो, त्या मुलीचा आवाज दोन वर्षं कुठे दडला होता कोण जाणे! तिलाच तो ओळखता येईना. ती मध्येच थांबली आणि हसू लागली.

यात तिच्या शिक्षकांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. वर्ग म्हटला की सगळ्यांचा सा एक होणारच. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८८६ साली गायनशाळा निघाली, ती मौलाबक्ष यांनी चालवली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं राहिल्याशिवाय जे मिळत नव्हतं, ते या माणसांनी फळ्यावर आणि पुस्तकात आणलं, म्हणून तर टेलरची मुलगी आज गाणं शिकू शकते. पण गुरू एका शिष्यापुढे बसून त्याचा गळा तपासायचा, ते या व्यवहारात मागे पडलं. १९७७ साली किरण सेठ यांनी दिल्लीच्या आयआयटीतून 'स्पिक मॅके' सुरू केली आणि मोठमोठे कलावंत कॉलेजांत जाऊन गाऊ-बोलू लागले, तेव्हा निदान एका दिवसापुरतं तरी अंतर मिटलं. मैफलीत आपल्याला पिकलेलं फळ मिळतं. कार्यशाळेत कलावंत चुकतो, थांबतो, तार पुन्हा लावतो, आणि विद्यार्थ्याला बघायचं असतं ते हेच.

बाईंनी दुसऱ्या दिवशीच्या मैफलीत त्याच मुलीला तंबोऱ्यावर बसायला सांगितलं. त्या रात्री तिचे वडील माझ्याकडे आले. "भाईजान, शिकू दे, माझं काही म्हणणं नाही. पण स्टेजवर नको. मोहल्ल्यात आपल्याला राहायचंय." मी त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांचं सांगितलं. १९३७ साली ते गेले, मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथे गाणं होतं. ते म्हणाले, "ते मोठे लोक, भाईजान." मला उत्तर सुचलं नाही. माझी पहिली कविता छापून आली तेव्हा माझे वडीलही असंच काहीसं बोलले होते, आणि त्यांनाही मी उत्तर दिलं नव्हतं.

मैफलीला मुलगी तंबोरा घेऊन बसली. वडील शेवटच्या रांगेत, दाराजवळ. इशाच्या नमाजाला उठून गेले, परत आले, मैफल संपेपर्यंत थांबले. माझ्याशी बोलले नाहीत.

यंदाची पत्रिका परवा आली. पाहुणे आणखी नामवंत आहेत, मंडप मोठा आहे, ओळख करून द्यायला पुन्हा मीच. कार्यशाळा मात्र नाही. चौकशी केली तर कळलं, खर्च बसत नाही. मंडपाचा बसतो! मी कळवलं आहे की सकाळचे तीन तास मुलांसाठी ठेवा, माझं मानधन त्यात घाला, नाहीतर ओळख दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. अजून उत्तर नाही.

तंबोरा आता कपाटावर नसतो, हे त्या मुलीनेच फोनवर सांगितलं. दोरा झिजला की ती बदलते. या पावसाळ्यात एक खुंटी फुगून घट्ट बसली आहे, फिरतच नाही. ती कशी सोडवायची, हे तिला येणाऱ्या पाहुण्यांना विचारायचं आहे.