गाडी थंड हवी, काळी नव्हे

(द्रोणागिरी येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



गाडीत शिरणारे ऊन हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो का, असे काहींना वाटले असेल. मी तो मुद्दाम मागून घेतला. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले आणि आपल्या भागातल्या असंख्य घरांची चूल चाकांवर चालू लागली. जानेवारी २०२४ पासून अटल सेतूही वाहता झाला. ट्रेलर चालवणारे, रिक्षा चालवणारे, रोज पनवेल किंवा मुंबई गाठणारे, अशा सगळ्यांच्या आयुष्याचे कितीतरी तास काचेमागे जातात. म्हणून काचेतून येणारे ऊन हा चैनीचा प्रश्न नाही, तो प्रकृतीचा प्रश्न आहे. आणि या प्रश्नावर लोक जो उपाय पहिल्यांदा करतात, म्हणजे काचा काळ्या करून घेणे, तो उपाय चुकीचा आहे. गाडी थंड ठेवायला अंधार लागत नाही, हेच मला आज सांगायचे आहे.

आधी ऊन म्हणजे काय ते पाहू. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी निम्म्याच्या आसपास ऊर्जा अवरक्त किरणांची असते. ती डोळ्यांना दिसतच नाही. जवळपास तेवढीच, किंचित कमी, दिसणाऱ्या प्रकाशाची आणि उरलेली थोडी अतिनील किरणांची. निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॅट ऊर्जा पडते, म्हणजे एखाद्या चालू इस्त्रीइतकी. त्यातली बरीचशी साध्या काचेतून आत येते आणि डॅशबोर्ड, सीट, स्टिअरिंग तापवते. तापलेल्या या वस्तू स्वतः उष्णता बाहेर टाकतात, पण ती दीर्घ लहरींची असल्यामुळे काच तिला पार जाऊ देत नाही. तापलेली हवाही बंद गाडीतून निघू शकत नाही. ऊन आत येते आणि उष्णता आतच अडकते.

ती किती अडकते, याची मोजमापे झाली आहेत. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टेम्पी येथे केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी ४७ अंश सेल्सिअसच्या घरात पोचली, डॅशबोर्ड ६९ अंशांवर आणि स्टिअरिंग ५३ अंशांवर. सावलीतल्या गाड्यांचा डॅशबोर्ड मात्र ४८ अंशांच्या आसपास राहिला. त्याआधी २००५ साली आणखी एक अभ्यास झाला होता. बाहेरची हवा फारशी गरम नसलेल्या दिवशीही तासाभरात गाडीच्या आतले तापमान सरासरी २२ अंशांनी चढते आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, असे त्यात दिसले. काचा बोटभर उघड्या ठेवल्या तरी फारसा फरक पडला नाही. ‘दोनच मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला गाडीत ठेवून दुकानात जाणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी हे लक्षात ठेवावे. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या तुलनेत कितीतरी लवकर तापते.

आपल्याकडे त्यात दमट हवेची भर पडते. मार्च-एप्रिलमध्ये जमिनीकडून येणारा पूर्वेचा वारा जोरात असला की समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो आणि दुपार असह्य होते. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून सुरू होतो, किनाऱ्यावर मात्र हवामान खाते ३७ अंशांपासूनच तो करते. दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर उन्हाने १४ माणसांचे बळी घेतले. ते मैदान इथून फार लांब नाही. ऊन माणूस मारते, हे आपल्या जिल्ह्याला कुणी नव्याने सांगायची गरज नाही.

आता फिल्मकडे वळू. साधी रंगीत फिल्म प्रामुख्याने दिसणारा प्रकाश शोषते. काच काळी दिसते, म्हणून आत गार वाटेल अशी आपली समजूत होते. पण अवरक्त किरणांपैकी पुष्कळ तशीच आत येतात. शोषलेल्या उन्हाने काच स्वतः तापते आणि त्यातली काही उष्णता आत सोडते. काही वर्षांनी अशी फिल्म जांभळी पडते. धातूचा थर दिलेली फिल्म ऊन चांगले परतवते, पण ती मोबाइल आणि जीपीएसच्या लहरींना अडथळा करू शकते, आणि पुढच्या काचेवर असली तर फास्टॅगलाही. सिरॅमिक फिल्मचे अतिसूक्ष्म कण दिसणारा प्रकाश बराचसा येऊ देतात आणि अवरक्त किरण अडवतात. ती जवळजवळ पारदर्शक असूनही काळ्या रंगीत फिल्मपेक्षा जास्त उष्णता रोखू शकते.

दुकानात लाल दिवा लावून, त्यासमोर फिल्म धरून ‘हात लावून बघा’ असे दाखवतात. त्या दिव्यातून निघते ती मुख्यतः अवरक्त उष्णता. उन्हात मात्र प्रकाशाचा वाटाही मोठा असतो. म्हणून ‘अमुक टक्के आयआर (अवरक्त) कट’ या आकड्यावर विसंबू नका. एकूण सौर उष्णतेपैकी किती अडते, म्हणजे टीएसईआर किती, तो आकडा छापील कागदावर मागा. विकत घेण्याचा आकडा तो आहे.

आता कायदा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० सांगतो, की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने कितीही टक्क्यांची काळी फिल्म वा अन्य काही काचेवर चिकटवायला मनाई केली. काळ्या काचांआड होणारे गुन्हे न्यायालयापुढे होते. पुढे १ एप्रिल २०२१ पासून नियमात ‘सेफ्टी ग्लेझिंग’ची, म्हणजे आतून प्लास्टिकचा थर असलेल्या सुरक्षित काचेची, तरतूद आली. तिच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मला परवानगी आहे, असे म्हटले. हा निकाल केरळचा आहे. एमएच ४६ पाटी असलेल्या गाडीच्या मालकाने त्याच्या भरवशावर फिल्म लावण्याआधी पनवेलच्या आरटीओत विचारावे.

शिवाय एक गुणाकार ध्यानात ठेवावा. कंपनीची काच मुळातच थोडी रंगीत असते. समजा ती ७५ टक्के प्रकाश जाऊ देते आणि तिच्यावर ९० टक्क्यांची फिल्म लावली. मग आत येणारा प्रकाश साडेसदुसष्ट टक्के, म्हणजे पुढच्या काचेची मर्यादा मोडली. आपला रस्ताही ध्यानात घ्या. सकाळी उरणहून पनवेलकडे निघालो की सूर्य समोर असतो, संध्याकाळी परतताना पुन्हा समोरच. मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी तो थेट टपावर येतो. बाजूच्या काचा काळ्या करून यातले काय साधणार? रात्री गव्हाण फाट्याजवळ दिवे न लावता उभा असलेला ट्रेलर मात्र काळ्या काचेतून वेळेवर दिसत नाही.

फिल्मशिवायचे उपायही थोडे नाहीत. उभ्या गाडीच्या पुढच्या काचेमागे चंदेरी पडदा लावावा. निघताना तो काढायचा. आत बसण्यापूर्वी सगळी दारे उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, काचा खाली करून थोडे अंतर चालवावे आणि मगच एसी लावावा. गाडी घेताना रंगाचा विचार करावा. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०११ साली उन्हात उभ्या केलेल्या काळ्या आणि चंदेरी गाड्यांची तुलना केली, तेव्हा काळ्या गाडीच्या आतली हवा ५ ते ६ अंशांनी जास्त तापलेली निघाली. गाडीचा रंग बहुतेकदा जास्त पैसे न देता निवडता येतो.

पण मित्रहो, हे सगळे ज्याच्याकडे मोटार आहे त्याच्यापुरते झाले. करळ फाट्यावर, भेंडखळच्या कंटेनर यार्डांबाहेर रांगेत तासन्‌तास थांबणाऱ्या ट्रेलरचालकाचे काय? २०२५ पासून नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले, ही चांगली गोष्ट झाली. पण जुने ट्रेलर अजून वर्षानुवर्षे धावणार आहेत. खाली इंजिन, वर पत्रा, समोर भली मोठी काच. इंजिन बंद करून रांगेत उभ्या असलेल्या त्या माणसाला कोणती फिल्म वाचवणार?

त्याला सावली वाचवील. टेम्पीच्या आकड्यांत सावलीने डॅशबोर्ड २१ अंशांनी उतरवला, हे आपण पाहिले. आपले द्रोणागिरी भरावाच्या जमिनीवर वसले. सिडकोने रस्ते आखले, पण मोठी झाडे फार थोडी. करंज, उंडी, भेंड ही किनाऱ्याची झाडे खाऱ्या वाऱ्यात आणि खारट मातीत तग धरतात. म्हणून माझे बंदराच्या कारभाऱ्यांना, सिडकोला आणि आपल्या ग्रामपंचायतींना मागणे आहे: जिथे जिथे वाहने थांबवता, तिथे छप्पर द्या, पाणी द्या आणि ही झाडे लावा. तुम्हा श्रोत्यांकडे मागणे एवढेच, की फिल्मवर खर्च करण्याआधी टीएसईआरचा कागद मागा आणि येत्या पावसाळ्यात आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक करंज लावा. आपली गाडी थंड ठेवण्याचा विचार करणाऱ्याने रांगेतल्या चालकाच्या डोक्यावरच्या उन्हाचाही विचार केलाच पाहिजे. त्या उन्हात तो थांबतो म्हणूनच आपल्या बंदराचा माल हलतो.