काळा दगड आणि पाणी

(आपल्या १९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



माझी ओळख करून देताना ‘समुद्राच्या तळाशी जाऊन आलेली’ असं म्हटलं गेलं. तळाशी वगैरे काही नाही. मी अठरा मीटरपर्यंत गेले आहे. एरवी पुण्यात कॉम्प्युटरसमोर बसून प्रोग्राममधल्या चुका शोधते, त्यातल्या निम्म्या माझ्याच असतात. पण संयोजकांनी पत्रिकेत ‘ज्वालामुखीच्या बेटाजवळ स्कूबा डायव्हिंग’ असं छापूनच टाकलंय, तेव्हा आधी ते सांगते.

अंदमानात पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या, ईशान्येला सुमारे १३५ किलोमीटरवर बॅरन नावाचं बेट आहे. भारतातला हा एकमेव जागृत ज्वालामुखी. त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद १७८७ची. पुढे दीडेकशे वर्षं तो गप्प होता आणि १९९१मध्ये पुन्हा भडकला. आपण तेव्हा पाचवी-सहावीत होतो. तेव्हापासून तो अधूनमधून धुमसतोच. बेटावर माणसांची वस्ती नाही. आम्हालाही उतरायची परवानगी नव्हती. रात्रभर बोटीने गेलो आणि पहाटे समोर साडेतीनशे मीटर उंचीचा काळा डोंगर दिसला, माथ्यावर चुलीतून निघावा तसा बारीक धूर.

पाण्यात उतरल्यावर आधी काळी वाळू लागली. मग लाव्हाचा एक पट्टा दिसला, डोंगरावरून वाहत येऊन समुद्रात थिजलेला. त्यावर प्रवाळ वाढलं होतं. एवढ्या तापलेल्या दगडावर काही वर्षांत एवढा संसार! कपारीतून वाम तोंड उघडझाप करत होती. ती चिडलेली नसते, तिचं श्वास घेणंच तसं असतं. आणि मग आमच्या प्रशिक्षकाने माझा दंड धरून वर बोट केलं. डोक्यावरून मांटा चालला होता. आपल्याकडे मासळीबाजारात पाकट दिसतं ना, त्याच्याच जातकुळीतला, पण पंख पसरले की आपल्या वर्गाच्या फळ्याएवढा. त्याला नांगी नसते. तोंड उघडं ठेवून तो पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. पोटावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे, त्यावरून अभ्यासक त्यांना ओळखतात. तो एकदा गेला, वळला, परत आला. आम्ही कुणी त्याच्या मागे गेलो नाही. जागेवर थांबलं तर तो जवळ येतो, हे आधीच शिकवलं होतं.

मला मात्र त्या क्षणी आपले भूगोलाचे सर आठवले. ते आज पहिल्या रांगेत बसलेत. सर, तुम्ही आम्हाला शाळेमागच्या ओढ्यावर नेलं होतं, भोकं पडलेला आणि भोकांत पांढरी गारगोटी भरलेला काळा दगड हातात दिला होता आणि म्हणाला होता, “हा लाव्हा आहे.” आम्ही मागे हसलो होतो. भिवपुरीत कसला आलाय लाव्हा! सर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आपला सह्याद्री आणि पाण्याखालचा तो ताजा पट्टा, दोन्ही बेसॉल्टच. अजून एक गंमत सांगते. आपला लाव्हा ज्या उष्ण जागेतून वर आला असं अनेक भूशास्त्रज्ञ मानतात, ती जागा आज हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला एका बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. बेटाचं नाव आहे रीयुनियन!

हसलात, बरं झालं. आता जे सांगायला उभी राहिले ते सांगते.

नववीच्या पावसाळ्यात आपला एक मित्र त्याच ओढ्याच्या वरच्या डोहात गेला. त्याचं नाव मी घेत नाही, त्याची आई अजून गावात आहे. काठावर आपण सहा जण होतो. त्यातले चार आज इथे आहेत. एकालाही पोहता येत नव्हतं. ओढण्या होत्या, दप्तरांचे पट्टे होते, बाजूला बांबू पडला होता. आपण फक्त ओरडत राहिलो. त्यानंतर माझ्या आईने मला पाण्याजवळ जाऊ दिलं नाही आणि मीही गेले नाही. एकेचाळीस वर्षांची होईपर्यंत मी गुडघाभर पाण्यापलीकडे गेले नव्हते.

मुलीला पोहायला घालायची वेळ आली तेव्हा तिने विचारलं, “तुला येतं का?” तिच्याबरोबर मीही नाव घातलं. पुढे तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात स्कूबा शिकायला गेले. पहिल्या दिवशी मास्कमध्ये पाणी शिरलं आणि मी धडपडत वर आले, रडले. प्रशिक्षक मालवणचा मुलगा होता, वयाने माझ्या निम्मा. तो म्हणाला, “ताई, पाणी काही करत नाही. घाई करते.” स्कूबात पहिला नियमच हा आहे: श्वास रोखायचा नाही. वर येताना श्वास कोंडला तर फुगणाऱ्या हवेने फुप्फुस फाटू शकतं. काहीही बिघडलं तरी आधी थांबायचं, श्वास घ्यायचा, विचार करायचा, मग हालचाल. चौथ्या दिवशी मला जमलं.

दरवर्षी पावसाळ्यात कर्जत-खालापुरातल्या धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात. ते पर्यटकांसाठी ठीक आहेत. आपल्या शाळेतली पोरं मात्र त्याच ओढ्यातून वाट काढत शाळेत येतात. त्यांना बंदी कशी घालणार?

म्हणून माझी एक विनंती आहे. तुकडीच्या निधीतून शाळेला कमान बांधायचं घाटतंय. कमान पुढच्या वर्षी बांधू. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवी-नववीच्या मुलामुलींना पोहायला शिकवू. जवळच्या तलावाची वेळ, एक प्रशिक्षक, एक बाई आणि जाण्यायेण्याची गाडी एवढंच लागेल. सगळे पट्टीचे पोहणारे होणार नाहीत. पण पाठीवर तरंगायचं कसं, आणि कुणी बुडत असेल तर उडी न मारता दोर, बांबू, ओढणी, रिकामा कॅन काय टाकायचं, एवढं प्रत्येकाला यायला हवं. पहिल्या वर्षाचा खर्च अर्धा मी उचलते. उरलेल्यासाठी जेवणाच्या मंडपात वही ठेवली आहे.

सहातल्या आपण चौघांनी त्यात आधी नाव लिहावं, असं मला वाटतं.