दुसरी झुंज

कुस्तींत चीत झालेला मल्ल अंगावरची माती झटकून उठतो, तेव्हां त्याच्या तोंडून निघणारा पहिला शब्द बहुधा दुसऱ्या कुस्तीबद्दलचा असतो. पहिली हार पाय घसरल्यामुळें झाली, लक्ष विचलित झाल्यामुळें झाली, असें त्याला मनापासून वाटत असतें. आणि पाहणाऱ्यांपैकीं निम्म्यांना तरी तसेंच वाटतें. म्हणून दुसरी झुंज ही एक प्रकारची फेरतपासणी होते. पहिला निकाल योग्यतेचा होता कीं योगायोगाचा, हें तिनें सांगावें अशी सर्वांची अपेक्षा असते. अमेरिकेंतील लास व्हेगस शहरीं २०१३ च्या डिसेंबर महिन्याच्या २८ तारखेस अशी एक झुंज झाली. तिचा निकाल लागला. पण ज्या प्रश्नाकरितां ती योजिली होती, त्यावरचा वाद मात्र तिनें अधिकच वाढविला.

ज्या खेळांतील ही झुंज, त्याला मिश्र युद्धकला असें म्हणतात. मुष्टियुद्ध, कुस्ती, जुजुत्सु, थायलंडांतील लाथा-गुडघ्यांचें युद्ध, अशा निरनिराळ्या विद्यांचे जाणकार त्यांत एकमेकांसमोर उभे राहतात. अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप या संस्थेचा पहिला मेळा १९९३ च्या नोव्हेंबरांत डेन्व्हर येथें भरला, तेव्हां नियम जवळजवळ नव्हतेच. या खेळावर रानटीपणाचा आरोप झाला तो अकारण नव्हे. पुढें वजनाचे गट ठरले, निषिद्ध आघातांची यादी झाली, हातांत लहान मोजे आले, वैद्य व पंच यांचा अधिकार वाढला. आज अजिंक्यपदाची झुंज पांच-पांच मिनिटांच्या पांच फेऱ्यांची असते, आणि ती अष्टकोनी जाळीदार पिंजऱ्यांत होते.

या पिंजऱ्यांत ब्राझिलच्या अँडरसन सिल्व्हानें जें राज्य केलें, त्याला तोड सांपडणें कठीण. त्याचा जन्म १९७५ चा. कुरितिबा शहरीं मावशी-काकांच्या घरीं तो वाढला. २००६ च्या ऑक्टोबरांत रिच फ्रँकलिन या विजेत्याला गुडघ्यांच्या प्रहारांनीं नमवून त्यानें १८५ पौंडांच्या गटाचें अजिंक्यपद मिळविलें, आणि तें पावणेसात वर्षें सांभाळलें. लागोपाठ सोळा विजय आणि दहा वेळां पदरक्षण, असा त्याचा हिशेब आहे. फ्रँकलिन काय किंवा चेल सोनेन काय, ज्यांनीं त्याच्याशीं दुसरी झुंज मागितली, ते दुसऱ्यांदाही हरले. त्याची तऱ्हाही निराळी होती. दोन्ही हात खालीं सोडावे, हनुवटी पुढें करावी, प्रतिस्पर्ध्याचा ठोसा केवळ मान कलती करून हुकवावा, आणि तो तोल सांवरीत असतांनाच त्याच्यावर प्रहार करावा. प्रेक्षकांस ती लीला वाटे. समोरच्यास ती अवहेलना वाटे.

क्रिस वाइडमन हा न्यूयॉर्क प्रांतांतला, महाविद्यालयीन कुस्तींत तयार झालेला गडी. सिल्व्हाहून तो नऊ वर्षांनीं लहान. २०१२ सालच्या सँडी वादळांत त्याच्या घराची नासधूस झाली होती. तोंवर तो एकही झुंज हरला नव्हता, पण त्याच्या झुंजा होत्या अवघ्या नऊ. २०१३ च्या जुलैच्या ६ तारखेस दोघे प्रथम समोरासमोर आले. सिल्व्हानें नेहमीप्रमाणें हात खालीं सोडले, ठोसा लागून पाय लटपटल्याचें सोंग केलें, आणि त्या सोंगांतच वाइडमनच्या डाव्या हाताचा खरा ठोसा हनुवटीवर बसून तो कोसळला. दुसऱ्या फेरीचें सव्वा मिनिट नुकतें उलटलें होतें.

लागलीच वादास तोंड फुटलें. सिल्व्हा हरला तो वाइडमनकडून नव्हे, स्वतःच्या थट्टेखोरपणाकडून, असें एका पक्षाचें म्हणणें होतें. दुसरा पक्ष म्हणे कीं थट्टा ही त्याची ढालच होती, आणि ती ज्यानें फोडली तोच खरा योद्धा. निर्णय दुसऱ्या झुंजीवर सोंपविण्यांत आला.

मधल्या काळांत वाइडमनच्या आखाड्यांत जी तयारी झाली, ती बारकाईनें पाहण्यासारखी आहे. पहिल्या झुंजींत सिल्व्हाच्या लाथा त्याच्या पायांवर बसल्या होत्या. या खेळांतली खालची लाथ पावलानें नव्हे, तर नडगीनें मारतात. ती मांडीच्या किंवा पोटरीच्या मांसांत बसली कीं पाय बधिर होतो. तिला उत्तर म्हणजे पाय उचलून गुडघा वळवावा व येणाऱ्या नडगीपुढें गुडघ्याखालचें भक्कम हाड धरावें. नडगीचा खालचा भाग अरुंद असतो व त्यावर मांसाचें आवरण फारसें नसतें. तो जर वेगानें त्या भक्कम हाडावर आपटला, तर मार खातो तो मारणाराच. वाइडमनचे गुरु रे लाँगो यांनीं त्याच्याकडून हा बचाव घोटून घेतला होता.

डिसेंबरच्या त्या रात्रीं सिल्व्हा थट्टा करीत नव्हता. त्याचे हात वर होते, नजर स्थिर होती. पहिल्याच फेरींत वाइडमननें त्याला ठोशानें खालीं पाडलें व वरून प्रहारांचा वर्षाव केला. तरी सिल्व्हा त्यांतून निभावला. दुसऱ्या फेरीचें एक मिनिट होऊन गेलें आणि सिल्व्हानें डाव्या पायाची खालची लाथ पूर्ण जोरानें मारली. वाइडमननें शिकल्याप्रमाणें पाय उचलला. पुढच्या क्षणीं सिल्व्हाची नडगी मधोमध वांकलेली दिसली. तो पाय धरून किंचाळत खालीं पडला. पंचांनीं झुंज थांबविली. नडगीचीं दोन्ही हाडें मोडलीं होतीं. त्याच रात्रीं शस्त्रक्रिया करून हाडांत टायटॅनियमची सळई बसविण्यांत आली. विजयानंतर बोलतांना वाइडमननें सिल्व्हाचें श्रेष्ठत्व मान्य करून त्याच्याविषयीं आदरच दाखविला.

आपल्याकडील वाचकांस या प्रसंगीं गदायुद्ध आठवल्यावांचून राहणार नाहीं. भीमानें दुर्योधनाची मांडी फोडली, आणि तो विजय युगानुयुगें वादांत राहिला. भासानें 'ऊरुभंग' लिहिलें तें त्या पडलेल्या योद्ध्याच्या बाजूनें पाहून. परंतु भेद आहे तो असा, कीं भीमाचा प्रहार गदायुद्धाच्या नियमाबाहेरचा होता. वाइडमननें तर प्रहारच केला नाहीं. त्यानें केलेला बचाव सर्वस्वी नियमांत बसणारा होता. असें असूनही, 'हा अपघात' असें म्हणणारे पुष्कळ निघाले. सत्य बहुधा दोहोंच्या मधें आहे. लाथ अडविणें ही विद्या होती; हाड मोडणें हें त्या विद्येचें नेहमींचें फळ नव्हे. अशा लाथा रोज शेंकड्यांनीं अडविल्या जातात आणि बहुतेक वेळां नुसती कळ येऊन भागतें.

दोघांच्या पुढील आयुष्यांत या रात्रीची छाया राहिली. वाइडमननें दोन वेळां पद राखलें व २०१५ च्या डिसेंबरांत तें गमावलें. सिल्व्हा तेरा महिन्यांत परत उभा राहिला, आणि २०१५ च्या जानेवारींत निक डियाझविरुद्ध गुणांवर जिंकला. परंतु तपासणींत त्याच्या शरीरांत निषिद्ध औषध आढळल्यामुळें तो विजय रद्द झाला व त्याला एक वर्ष बंदी झाली. त्याच्या कर्तृत्वाची गोष्ट सांगतांना हें झांकून ठेवणें योग्य नव्हे. २०२० च्या ऑक्टोबरांत, पंचेचाळिसाव्या वर्षीं, युराया हॉलकडून हरून त्यानें त्या पिंजऱ्याचा निरोप घेतला.

कथा येथें संपली असती तरी चाललें असतें. पण २०२१ च्या एप्रिलच्या २४ तारखेस फ्लोरिडांतील जॅक्सनव्हिल येथें वाइडमन याच हॉलसमोर उभा राहिला. हीही दुसरीच झुंज होती. २०१० सालीं वाइडमननें हॉलला हरविलें होतें. सुरुवातीसच वाइडमननें उजव्या पायाची खालची लाथ मारली, हॉलनें ती अडविली, आणि वाइडमननें तोच पाय मागें टेकतांच तो नडगीखालीं दुमडला. अवघे सतरा सेकंद झाले होते. हॉलनें एकही प्रहार केला नव्हता. ज्या बचावानें वाइडमननें सिल्व्हाला जिंकलें, त्याच बचावानें त्याचा पाय मोडला. हॉलला विजयाचा आनंद करवेना. त्यानें वाइडमनविषयीं आदराचे शब्द काढले.

त्या दिवसांत वाइडमनला सहानुभूतीचे अनेक संदेश आले. त्यांत एक सिल्व्हाचा होता. त्यानें त्याला विजेता म्हणून संबोधिलें, आणि तो लवकर बरा व्हावा अशी प्रार्थना केली. हाडांत सळई घालून पहिलें पाऊल टाकतांना काय होतें, हें त्या संदेश पाठविणाऱ्याइतकें थोड्यांनाच ठाऊक असेल.

अनेक शस्त्रक्रिया सोसून वाइडमन २०२३ च्या ऑगस्टांत बोस्टन येथें पुन्हा उतरला, हरला, पण पुढच्या वर्षीं अटलांटिक सिटी येथें जिंकला. सिल्व्हाचें नांव २०२३ सालीं त्या संस्थेच्या सन्मानितांत गेलें. त्या दुसऱ्या झुंजीची खूण आखाड्यांतही उरली आहे; लाथ अडविण्याचा पाठ देतांना आजही तिचा दाखला देतात, आणि लाथ मारण्याचा पाठ देतांनाही.

पहिला निकाल खरा होता कीं नाहीं, हें ठरविण्याकरितां ती झुंज झाली होती. त्या प्रश्नावर अजूनही लोक भांडतात. तो प्रश्न ज्यांचा होता, ते दोघे मात्र त्यावर भांडत राहिलेले दिसत नाहींत. एकाचा डावा पाय आणि दुसऱ्याचा उजवा, दोन्ही तशाच लाथेनें मोडले. आणि दुसऱ्याचा मोडला तेव्हां पहिल्यानें विचारपूस केली.