मोटारसायकलीची हिवाळी रजा

मनाली-लेह रस्ता हिमवर्षावाने बंद झाला आणि लडाखात रात्रीचा पारा उणे २० अंशांकडे सरकू लागला, की तेथील बहुतेक मोटारसायकलींना वसंतापर्यंत सक्तीची रजा मिळते. परंतु ती मंजूर करण्यापूर्वी थोडा बंदोबस्त करणे अगत्याचे असते. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून उद्भवलेली आम्ले व आर्द्रता साठलेली असल्यामुळे, ते इंजिन कोमट असतानाच काढून नवे भरावे. टाकी मात्र पेट्रोलने जवळजवळ भरलेली ठेवावी, कारण रिकाम्या जागेतील दमट हवेचे थंड पत्र्यावर दव होऊन आतून गंज चढतो.

खरी हेळसांड होते ती बॅटरीची. पूर्ण चार्ज केलेली शिसे-आम्लाची बॅटरी उणे ५० अंशांतही गोठत नाही, उलट पार उतरलेली उणे ७-८ अंशांच्या सुमारासच गोठून तडकू शकते. तेव्हा ऋण टोकाची वायर आधी सोडवून बॅटरी घरात आणावी आणि महिन्याकाठी चार्ज करावी. आच्छादन सुती असावे; प्लास्टिक ओल कोंडून धरते, मग दुकानदार काहीही सांगो. सायलेन्सरच्या तोंडात उंदीर शिरू नयेत म्हणून चिंधी कोंबावी, आणि ती काढण्याची याद देणारी चिठ्ठी किल्लीला बांधावी.