शेऱ्यामागचा हुकूम



वारूळवाडीत बसून जमिनीविषयी बोलायचे, तर भाव, बागायत आणि पुणे-नाशिक रस्ता हे विषय आधी आठवतात. मी मात्र आज सातबाऱ्याच्या एका कोपऱ्याविषयी बोलणार आहे. गाव नमुना सातमध्ये ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो आणि त्यात चार-सहा शब्दांचे शेरे असतात : ‘नवीन अविभाज्य शर्त’, ‘पुनर्वसनासाठी राखीव’, ‘एकुम’, सोसायटीचा बोजा, ‘हस्तांतरणास बंदी’. एवढ्या शब्दांवर बँक कर्ज नाकारते, दुय्यम निबंधक दस्त परत करतो, भावाभावांतले वाटप अडते. हा शेरा काढण्याचा अधिकार कोणाला आहे आणि तो अधिकार येतो कोठून, या प्रश्नाचे सरळ उत्तर आपल्या गावांत फार थोड्यांना देता येते. म्हणून शेतकरी आधी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे कालपर्यंतच्या तलाठी भाऊसाहेबांकडे जातो, तेथून मंडळ अधिकाऱ्याकडे, तेथून तहसिलात, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला पुढचे दार दाखवले जाते.

माझे म्हणणे असे आहे : शेरा आणि बंधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंधन कायद्यातून, आदेशातून किंवा करारातून जन्मते. शेरा ही त्याची फक्त नोंद. त्यामुळे शेरा काढण्याचा अधिकार सातबाऱ्यात शोधून सापडणार नाही, तो बंधनाच्या उगमापाशी शोधावा लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५७ने अधिकार अभिलेखातील नोंद खरी असल्याचे गृहीत धरले आहे, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे. मालकीला लागू असलेले हे तत्त्व बंधनालाही लागू धरले, तर त्यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही आपल्याला अडचणीच्या आहेत. बंधन जिवंत असताना शेरा पुसला, तर बंधन जात नाही. फक्त पुढचा खरेदीदार फसतो. आणि बंधन संपले असताना शेरा तसाच ठेवला, तर बंधन परत जिवंत होत नाही. फक्त मालक नाडला जातो. आपल्याकडे हे दोन्ही प्रकार घडतात, आणि दोन्हींचे मूळ एकच आहे. शेरा आपला उगम सांगत नाही.

उगम कळला की दार आपोआप कळते. कूळकायद्याचे उदाहरण घ्या. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कुळे जमिनीची मालक झाली, कलम ३२म खाली त्यांना खरेदीचे प्रमाणपत्र मिळाले आणि कलम ४३ने ती जमीन परवानगीशिवाय विकण्यास मनाई केली. २०१४मध्ये विधिमंडळाने या कलमात दुरुस्ती केली. खरेदीला दहा वर्षे झाली असतील, तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून पूर्वपरवानगीविना विक्री करता येते. घेणारा शेतकरी हवा, कमाल धारणेची मर्यादा ओलांडता कामा नये आणि तुकडेबंदीचा भंग होता कामा नये. येथे बंधन सैल करणारे विधिमंडळ आहे. तहसीलदार त्या दुरुस्तीची अंमलबजावणी करतो, मेहेरबानी करत नाही. विकास सोसायटीच्या बोजाची गोष्ट निराळी. तो सहकारी संस्था अधिनियम, १९६०च्या कलम ४८खाली सभासदाने स्वतः करून दिलेल्या इकरारातून येतो. कर्ज फिटले आणि संस्थेने तसे लिहून दिले की त्याचा आधार संपला, मग अधिकाऱ्याच्या विवेकाला तेथे जागाच नाही. ‘अपाक’ शेरा तर त्याहून सोपा, अज्ञान मूल सज्ञान झाले की तो संपतो. ‘एकुम’चे तसे नाही. एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून एका भावाचे नाव लागले आणि बाकीची भावंडे, विशेषतः बहिणी, कागदावरून दिसेनाशा झाल्या. तो शेरा काढायचा म्हणजे त्या सगळ्यांची नावे आधी लावायची. नुसती तीन अक्षरे खोडली, तर कर्ताच एकटा मालक ठरतो.

आदेशातून किंवा अधिसूचनेतून आलेल्या बंधनांना सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १९०४चे कलम २१ लागू पडते. आदेश काढण्याच्या अधिकारातच तो बदलण्याचा व रद्द करण्याचा अधिकार येतो, पण त्याच रीतीने आणि त्याच अटींनी. जिल्हाधिकाऱ्याचा आदेश तहसीलदार रद्द करू शकत नाही आणि शासनाची अधिसूचना जिल्हाधिकारी मागे घेऊ शकत नाही, हा याचा व्यवहारातला अर्थ. कायद्याने एखादी गोष्ट एका रीतीने करायला सांगितली असेल, तर ती त्याच रीतीने करावी, नाहीतर करूच नये, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने १९३६च्या नझीर अहमद प्रकरणात मांडले आणि आपल्या न्यायालयांनी ते आजवर सोडलेले नाही.

जुन्नर व आंबेगाव या आपल्या दोन तालुक्यांत हा प्रश्न सर्वांत जास्त बोचतो तो कुकडी प्रकल्पामुळे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांनी येथली शेती बदलली. ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिले, ते मूळ गाव डिंभ्याच्या जलाशयात गेले. ज्यांची घरे बुडाली त्यांना लाभक्षेत्रात जमीन मिळावी, म्हणून राज्याने १९७६, १९८६ आणि १९९९ असे तीन पुनर्वसन कायदे केले आणि अधिसूचित क्षेत्रातील जमिनींच्या हस्तांतरणावर व वाटपावर बंधने घातली. हेतू न्याय्य होता : धरणाचे पाणी येणार हे कळताच जमिनी हातोहात विकल्या गेल्या असत्या आणि विस्थापितांच्या वाट्याला खडक आला असता. परंतु ‘पुनर्वसनासाठी राखीव’ हे दोन शब्द वाचून काय कळते? हे बंधन तीनपैकी कोणत्या कायद्याखाली आले? अधिसूचना कोणत्या तारखेची? संपूर्ण गटावर की काही क्षेत्रावर? जमीन प्रत्यक्ष संपादित झाली, की वगळली गेली? शेऱ्यापुढे कंसात फेरफार क्रमांक असतो हे खरे. पण तो क्रमांक नोंद कोणत्या फेरफाराने झाली हे सांगतो, कोणाच्या हुकमाने झाली हे सांगत नाही. ते शोधायला जुना फेरफार काढायचा आणि त्यातून आदेशाचा क्रमांक मिळाला, तर मिळाला. ज्याच्या जमिनीची गरज शासनाला उरलेली नाही, त्याने गरज उरलेली नाही हे सिद्ध करत बसायचे, ही रीत मला अन्यायाची वाटते. बंधन घालणाऱ्याने त्याचा आधार दाखवावा. ज्याच्यावर बंधन आहे त्याच्यावर तो आधार खोडून काढण्याचा भार असू नये.

या अडचणीतून एक चोरवाट निघाली आहे, ती म्हणजे संहितेचे कलम १५५. हे कलम लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी आहे. हस्तलिखित उताऱ्यावरून संगणकावर घेताना गट क्रमांक चुकला, नाव चुकले, संबंधित पक्षांनी चूक मान्य केली, तर ती या कलमाने सुधारता येते, आणि निरीक्षणात अधिकाऱ्याला चूक दिसली तरी नोटीस देऊन हरकती निकाली काढल्याशिवाय नाही. शर्त लेखनप्रमाद नाही. सक्षम अधिकाऱ्याने विचारपूर्वक घातलेली अट ‘चुकून लागली’ असे म्हणत १५५खाली उडवणे म्हणजे अपील, पुनरीक्षण आणि पुनर्विलोकन या तिन्ही वाटा बंद करून खिडकीतून शिरणे होय. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलेला फेरफार मान्य नसेल, तर मंचरच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करता येते. तो रस्ता लांब आहे, पण तेथे समोरच्या पक्षाचे ऐकले जाते. ज्यांना घाईने शेरा काढून मिळाला, त्यांनी लक्षात ठेवावे की अधिकाराबाहेरचा आदेश पुढे कधीही उलटू शकतो, आणि तोवर त्यावर घर उभे राहिलेले असते.

यावर पहिला आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मी हलका मानत नाही. शेरे काढण्याची वाट स्पष्ट केली, की दुबळ्यांच्या जमिनी जातील, असे अनेक कार्यकर्ते म्हणतात. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिमेकडची अनुसूचित क्षेत्रातली गावे डोळ्यांसमोर ठेवूनच ते हे बोलतात. संहितेच्या कलम ३६अने आदिवासींची जमीन बिगर आदिवासींकडे जाण्यावर १९७४पासून कडक निर्बंध घातले आहेत. वनहक्क कायदा, २००६ने मिळालेले हक्क वारसांना जातात, विकता येत नाहीत. ही बंधने टिकलीच पाहिजेत. पण ती टिकवायची असतील, तर त्यांच्या शेऱ्यासमोर कलमाचे नाव असणे हेच त्यांचे सर्वांत मोठे संरक्षण आहे. ‘हस्तांतरणास बंदी’ एवढाच मोघम शेरा असेल, तर तो जुना आणि निरुपयोगी आहे असे भासवून काढता येतो. ‘कलम ३६अ’ असे लिहिलेले असेल, तर ते खोडणाऱ्याला कायद्यासमोर उभे राहावे लागते. मोघमपणाचा फायदा आजवर दुबळ्याला झालेला नाही. ज्याच्याकडे कागद शोधायला माणसे आणि पैसा आहे, त्यालाच तो झाला.

दुसरा आक्षेप यंत्रणेवरच्या ओझ्याचा. लाखो उताऱ्यांचे शेरे तपासणार कोण? काम मोठे आहे, पण नवे नाही. भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनी कोणत्या कायद्याखाली तशा ठरल्या, याची वर्गवारी गाव नमुना एक-क मध्ये आपण ठेवतोच. ‘कुळकायदा कलम ४३च्या बंधनास पात्र’ हा शेरा तर आजही आपल्या कायद्याचे नाव घेऊन उभा असतो. जे एका शेऱ्याला जमले ते बाकीच्यांना जमवायचे आहे. इंग्लंडच्या २००२च्या जमीन नोंदणी कायद्यात निर्बंधाची नोंद ठरलेल्या नमुन्यात होते. कोणाची संमती वा दाखला आला की व्यवहार नोंदवायचा, हे त्या वाक्यातच लिहिलेले असते. आधार संपल्यामुळे नोंद रद्द करणे आणि ज्याच्यासाठी ती घातली त्याने ती मागे घेणे, यांचे अर्ज वेगळे. वाद झाला तर तो न्यायाधिकरणाकडे जातो. तेथे नोंदवहीच मालकीची हमी देते, आपल्याकडे ती केवळ गृहीतक आहे, हा फरक मी विसरत नाही. पण नोंद हमी देत नसेल, तर तिने आपला आधार सांगणे अधिकच गरजेचे ठरते.

म्हणून या परिषदेने शासनाकडे एक ठराव पाठवावा, अशी माझी विनंती आहे. ‘इतर हक्क’मधील प्रत्येक निर्बंधासमोर कायदा व कलम, आदेशाचा किंवा अधिसूचनेचा क्रमांक व दिनांक, आणि तो शिथिल करणारा सक्षम अधिकारी यांची नोंद व्हावी, आणि ज्या शेऱ्याचा आधार शासनाला ठरावीक मुदतीत दाखवता येणार नाही, तो नोटीस देऊन व हरकती ऐकून शासनानेच स्वतःहून काढावा. ठरावाची वाट न पाहता करण्यासारखेही काम आहे. येथे बसलेल्या वकिलांनी शेरा काढण्याचा अर्ज लिहिताना पहिल्या परिच्छेदात बंधनाचा उगम लिहावा आणि त्याशिवाय अर्ज दाखल करू नये. महसूल अधिकाऱ्यांनी अर्ज फेटाळताना ‘अधिकार नाही’ एवढेच न लिहिता अधिकार कोणाला आहे तेही लिहावे. आणि शेतकरी बंधुभगिनींनो, पुढच्या चावडी वाचनाला जाल तेव्हा आपल्या उताऱ्यावरचा प्रत्येक शेरा मोठ्याने वाचायला लावा आणि तो कोणाच्या हुकमाने लागला हे तेथेच विचारा.