बारावीनंतर लॅब टेक्निशियन व्हायचंय? आधी हे ऐका

आज मी दारव्ह्यातून बोलतेय. मागच्या महिन्यात इथल्या बारावीच्या काही मुली घरी आल्या होत्या. त्यांचा प्रश्न एकच, "ताई, डीएमएलटी करू का? नोकरी लागते का?" त्यांना जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगते.

मी इथलीच. शकुंतला चालू होती तेव्हा मोतीबाग स्टेशनवर तिची वाट पाहिलेली. बारावी सायन्स झाल्यावर डॉक्टर होण्याएवढे मार्क नव्हते आणि घरी शेती कोरडवाहू. म्हणून डीएमएलटीला गेले. लोक म्हणायचे, "रक्त काढायचं काम, त्यात काय शिकायचं?" खरं सांगू, मलाही तसंच वाटायचं.

पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगते. कोणती लॅब ते राहू द्या. लग्न ठरलेली एक मुलगी सिकल सेलची तपासणी करायला आली. आपल्या विदर्भात हा आजार बराच आहे, म्हणून लग्नाआधी तपासून घ्यायची पद्धत चांगलीच. मी सोल्युबिलिटी टेस्ट लावली. सोपी असते. औषधाच्या द्रावणात थोडं रक्त टाकायचं, ट्यूबच्या मागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह. रेघा दिसल्या नाहीत. मी रिपोर्टवर लिहिलं, "सिकलिंग पॉझिटिव्ह." बस, एवढंच. खाली कोणा डॉक्टरची सही नाही, पुढे काय करायचं त्याची एक ओळ नाही.

चार दिवसांनी तिचे वडील काउंटरवर आले. म्हणाले, "ताई, माह्या पोरीले काय रोग झाला हो? पोराकडच्यायनं लग्न मोडलं."

मला उत्तर देता आलं नाही.

कारण ती टेस्ट फक्त रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे का, तेवढंच सांगते. मुलगी नुसती वाहक आहे की आजारी, हे ती सांगतच नाही. दोघांतही रक्त गढूळ होतं. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. पुढे ती झाली आणि निघालं काय, तर मुलगी एएस, म्हणजे वाहक. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो. खरा प्रश्न होता मुलाचं रक्त तपासण्याचा. तो एए असता तर त्यांच्या एकाही लेकराला सिकल सेलचा आजार झाला नसता. दोघंही वाहक असते, तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता 25 टक्के. एवढी माहिती त्या दोन घरांना मिळायला हवी होती. मिळाली नाही. लग्न काही परत जुळलं नाही.

माझी टेस्ट बरोबर होती, पण रिपोर्ट अर्धा होता. आणि अर्धा रिपोर्ट कधी कधी चुकीच्या रिपोर्टएवढंच नुकसान करतो.

म्हणून म्हणते, ट्रेनिंग म्हणजे सुई टोचायला शिकणं नव्हे. एक साधं उदाहरण घ्या. रक्त कोणत्या ट्यूबमध्ये आधी भरायचं, याचा क्रम ठरलेला आहे. निळ्या टोपणाची सायट्रेटची आधी, मग लाल किंवा पिवळी, जांभळ्या टोपणाची ईडीटीएची त्यानंतर. कोणी आळसाने जांभळ्या ट्यूबमधलं रक्त लाल ट्यूबमध्ये ओतलं, तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं आणि कॅल्शियम खोटंच कमी. मशीन बिचारं बरोबरच वाचतं, पण डॉक्टर घाबरून भलताच उपचार सुरू करू शकतात. ट्यूबवर नाव पेशंटसमोरच लिहायचं, त्याच्याच तोंडून नाव विचारून. मशीनवर रोज सकाळी कंट्रोल लावायचा. तो चुकला तर पेशंटचे सॅम्पल थांबवायचे, बाहेर कितीही रांग असो. थांबवायची ही हिंमतसुद्धा ट्रेनिंगमध्येच यावी लागते.

आता कोर्स कसा निवडायचा?

पहिलं, मान्यता. "सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन व्हा" अशी पाटी दिसली, तर बाहेरूनच परत फिरा. केंद्र सरकारने 2021 मध्ये अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला. त्यात अलाइड हेल्थच्या पदविका-पदवीसाठी दोन ते चार वर्षांत किमान 2000 तासांचं शिक्षण सांगितलंय. मग सहा महिन्यांत काय होणार? कॉलेजला मान्यता कोणाची आहे, ते कागदावर मागा. तोंडी नको.

दुसरं, हात. विचारा, की प्रॅक्टिकल कोणत्या हॉस्पिटलमध्ये होतं आणि दिवसाला किती सॅम्पल हाताळायला मिळतात. यवतमाळला शासकीय मेडिकल कॉलेज आहे. तशा मोठ्या ठिकाणी जे पाहायला मिळतं, ते दोन खोल्यांच्या संस्थेत मिळत नाही. शक्य असेल तर आधीच्या बॅचच्या मुलामुलींना गाठा, तेच खरं सांगतात.

तिसरं, स्वतःची लॅब. बऱ्याच जणांना वाटतं, की डीएमएलटी झालं, की चौकात बोर्ड लावायचा. डिसेंबर 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. आपल्यातल्या काही जणांना याचा राग येतो. मला नाही येत. त्या दिवशी माझ्या कागदावर अशी सही असती, तर सही करणाऱ्याने विचारलं असतं, "पुढची टेस्ट कुठे आहे?"

पगार? सुरुवातीला कमीच असतो, खोटं कशाला बोलू. पण काम कायमचं आहे. 1 जुलै 2023 ला देशभर सिकल सेल निर्मूलन मिशन सुरू झालंय, ज्यात कोट्यवधी लोकांची तपासणी करायचीय. ती कोण करणार? आपणच ना!

मी आजही सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली, की रिपोर्टखाली एक ओळ लिहिण्याचा आग्रह धरते: "ही प्राथमिक चाचणी आहे, वाहक की आजार, हे ठरवण्यासाठी एचपीएलसी करावी." आणि पेशंटला खुर्ची देऊन तेच समजावून सांगते. पाच मिनिटं जातात. जाऊ द्या.

त्या मुली परत गेल्या तेव्हा एकीने विचारलं, "म्हणजे करू ना ताई?" मी म्हटलं, कर. पण बाटलीमागे माणूस दिसत असेल, तरच कर.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.